नवी गाडी ऑइल पितेय? आधी मोजा

सप्टेंबर २०२३. महापेहून कोलशेतला घरी परतत होते. संध्याकाळचे साडेसात, पाऊस नुकताच थांबलेला. कळवा नाक्याला पुलाकडे डावीकडे वळताना डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं लाल चिन्ह क्षणभर लुकलुकलं आणि विझलं. गाडी अडीच वर्षांची, मीटरवर २९,४०० किलोमीटर, शेवटची सर्व्हिस ६,८०० किलोमीटरांपूर्वी. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि थोडं थांबून ऑइलची पट्टी बाहेर काढली. कोरडी. पुसून पुन्हा घातली, पुन्हा कोरडी. भावाला फोन करून डबे मागवले. पट्टीच्या वरच्या खुणेपर्यंत यायला १.७ लिटर ऑइल लागलं. या इंजिनात एकूण ऑइल मावतं चार लिटर.

पुढचे दहा महिने मी या एका प्रश्नाच्या मागे होते. आता तो सुटला आहे. तुमची तीन-चार वर्षांची गाडी ऑइल पीत असेल आणि सर्व्हिस सेंटरमधून दर वेळी टॉप-अप करून परत पाठवत असतील, तर कुठून सुरुवात करायची, काय आधी तपासायचं आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत, हे सगळं इथे लिहितेय. माझी गाडी तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनची, बीएस-६. यातलं बरंचसं साध्या पेट्रोल गाडीलाही लागू आहे. डिझेलबद्दल पुढे वेगळं सांगते.

आधी त्या लाल दिव्याबद्दल, कारण त्या एका गैरसमजापायी कितीतरी इंजिनं जातात. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी. तिच्या तळाशी जाळी असते, तिथून पंप ऑइल ओढतो. पातळी फार खाली गेली की वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर ऑइल एका बाजूला सरतं, जाळी उघडी पडते, पंपात हवा जाते, दाब पडतो आणि मग दिवा लागतो. म्हणजे दिवा दिसला तेव्हा ऑइल 'कमी' झालेलं नसतं, संपत आलेलं असतं. काही गाड्यांत पातळीसाठी वेगळा पिवळा इशारा असतो, पण सगळ्यांत नसतो. लाल दिसला की घर दोन किलोमीटरवर असलं तरी गाडी पुढे नेऊ नका. टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर काही सेकंद तुटला तरी टर्बोला इजा होऊ शकते.

'एवढं चालतं' म्हणजे किती?

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला गेले. ॲडव्हायझर म्हणाला, "मॅडम, टर्बो इंजिनात एवढं चालतं. नॉर्मल आहे." वर दोनशे मिलिलिटर घातलं, बिल दिलं, गाडी परत.

त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. ६,८०० किलोमीटरला १.७ लिटर म्हणजे हजार किलोमीटरला २५० मिलिलिटर. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत हजारी अर्धा लिटर ही मर्यादा छापलेली आहे, आणि काही कंपन्यांच्या पुस्तिकांत तर हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. पण हा आकडा सर्व्हिसच्या अंतराशी जोडून बघा. दहा हजार किलोमीटरला सर्व्हिस आणि हजारी एक लिटर खप, म्हणजे दोन सर्व्हिसच्या मधे दहा लिटर. चार लिटरच्या इंजिनात. पुस्तिकेतली मर्यादा कंपनी कधी दुरुस्ती करून देणार एवढंच सांगते. तुमचं इंजिन निरोगी आहे का, हे त्यातून कळत नाही. निरोगी नवं इंजिन घासून बसल्यावर दोन सर्व्हिसच्या मधे पट्टीच्या दोन खुणांमधेच राहतं, वरून ऑइल घालायची गरज पडत नाही किंवा क्वचितच पडते.

'घासून बसणं' हेही खरं असतं. अगदी कोरी गाडी पहिल्या काही हजार किलोमीटरांत थोडं जास्त ऑइल घेते, कारण पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींना अजून जुळलेल्या नसतात. तेवढ्यासाठी घाबरू नका. बघायचं ते हे, की खप महिन्यागणिक उतरतोय की चढतोय. आणि ते कळायला वही लागते.

वही, पट्टी आणि स्वयंपाकघरातला काटा

वागळे इस्टेटमधे आमचे जुने मिस्त्री आहेत, बाबांच्या पहिल्या गाडीपासूनचे. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "ताई, आधी एक वही करा. आकडा नसेल तर तुमचं कोणी ऐकणार नाही, आणि मलाही काही सांगता येणार नाही." त्यांनी त्या दिवशी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं. पण सगळं प्रकरण शेवटी त्या वहीवर सुटलं.

पट्टी बघणं सोपं वाटतं, पण बहुतेकांचा आकडा इथेच चुकतो. आमच्या संकुलात पोडियमवर पार्किंग आहे आणि पाणी वाहून जावं म्हणून लादीला उतार आहे. त्याच जागी एकदा गाडीचं तोंड भिंतीकडे आणि एकदा बाहेरच्या बाजूला करून बघितलं, तर पट्टीवर जवळजवळ पाव लिटरचा फरक दिसला. म्हणून जागा एकच ठेवा, गाडीचं तोंड एकाच दिशेला ठेवा, इंजिन गरम असताना बंद करा आणि दहा मिनिटांनी बघा. पुस्तिकेत थंड इंजिनावर बघायला सांगितलं असेल तर तसं करा, पण दर वेळी तीच पद्धत. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विसंबू नका. पुसा, पूर्ण आत घाला, काढा, दोन्ही बाजू बघा आणि कमी दाखवणारी बाजू धरा. मी रविवारी सकाळी देवळातून आल्यावर बघते, म्हणजे विसर पडत नाही.

पट्टीवरून मिलिलिटर कळत नाहीत. दोन खुणांमधे बहुतेक छोट्या गाड्यांत ८०० मिलिलिटर ते एक लिटर अंतर असतं, तेवढाच अंदाज. नेमका आकडा काढायला मी पिठाचा डिजिटल काटा वापरला. ऑइलचा डबा आधी वजन करायचा, वरच्या खुणेपर्यंत ऑइल घालायचं, डबा पुन्हा वजन करायचा. इंजिन ऑइल पाण्यापेक्षा हलकं असतं, एक लिटरचं वजन सुमारे ८५० ग्रॅम. म्हणजे डबा ३०६ ग्रॅमने हलका झाला तर गाडीने ३६० मिलिलिटर घेतलं. वहीत तारीख, मीटर, पट्टीची पातळी, किती घातलं आणि त्या आठवड्यात गाडी कुठे फिरली, एवढं लिहायचं. शेवटचा रकाना सोडू नका. का, ते लगेच सांगते.

शहरात पितच नाही, घाटात मात्र पिते

पहिल्या हजार किलोमीटरांत माझ्या वहीत ११० मिलिलिटर निघालं. मला हायसं वाटलं. हे हजार किलोमीटर सगळे कोलशेत ते महापे: कापूरबावडी, माजिवडा, कळवा पूल, विटावा, ठाणे-बेलापूर रस्ता. जेमतेम सतरा-अठरा किलोमीटरला कधीकधी सव्वा तास. मग दिवाळीत कोल्हापूरला जाऊन आलो, जाऊन-येऊन साधारण ८०० किलोमीटर. परत आल्यावर पट्टी खालच्या खुणेजवळ, आणि ५४० मिलिलिटर घालावं लागलं. गाडी तीच, ऑइल तेच, मग हायवेवर एकदम एवढं कसं?

याचं उत्तर मला मिस्त्रींनी दिलं आणि नंतर मी स्वतःही वाचून खात्री केली. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमधे फवारलं जातं. इंजिन थंड असताना आणि रांगत्या वाहतुकीत यातलं थोडं पेट्रोल न जळता भिंतीवरून ओघळून चेंबरमधे उतरतं. ऑइल वरून जळत असतं आणि खालून पेट्रोल मिसळत असतं, त्यामुळे पट्टीवरची पातळी जागच्या जागी दिसते. चेंबरमधे मात्र ऑइल कमी आणि पातळ झालेलं असतं. लांबच्या रस्त्याला इंजिन तास-दोन तास पूर्ण गरम राहिलं की ते पेट्रोल उडून जातं, आणि महिनाभराचा लपलेला खप एका दिवसात पट्टीवर दिसतो.

घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात रोज गाडी चालवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. नुसत्या शहरातल्या हजार किलोमीटरांवरून गाडी ऑइल पीत नाही असं ठरवू नका. चाचणीच्या अंतरात एक तरी लांबचा प्रवास असू द्या, किंवा निदान सकाळी लवकर निघून पाम बीच रोड, पनवेल असा तासाभराचा मोकळा फेरा मारून या आणि मग पट्टी बघा. पट्टीचा वास घेतला तरी कधीकधी पेट्रोल जाणवतं. दोन्ही मिळून माझा हिशेब झाला १,८०० किलोमीटरला ६५० मिलिलिटर, म्हणजे हजारी साधारण ३६०. कळवा नाक्याच्या वेळची सरासरी २५० होती. खप चढत होता.

डिझेलवाल्यांना उलटाच त्रास होऊ शकतो. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमधे काजळी अडवणारं फिल्टर असतं, ते मधूनमधून गरम करून साफ करण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं. सतत छोट्या फेऱ्यांमुळे ही सफाई अर्धवट राहिली की ते डिझेल चेंबरमधे उतरतं आणि पातळी वर चढते. पट्टी वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर ते चांगलं लक्षण नाही. ऑइल बदलून घ्या.

स्वस्त कारणं आधी

रिंग-पिस्टनचं नाव काढायच्या आधी साध्या गोष्टी संपवायला हव्यात. यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही घरच्या घरी बघू शकता.

सर्वात साधी शक्यता म्हणजे सर्व्हिसमधेच ऑइल कमी घातलेलं असणं. नवं फिल्टर रिकामं असतं, ते दोनशे-तीनशे मिलिलिटर ऑइल स्वतः घेतं. इंजिन न फिरवता पट्टी बघून 'फुल' म्हटलं, की पहिल्याच स्टार्टनंतर पातळी खाली येते. म्हणून सर्व्हिसनंतर गाडी बाहेर काढायच्या आधी तिथेच, सपाट जागेवर, ॲडव्हायझरच्या समोर पट्टी बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. जास्त भरलेलं ऑइलही तितकंच वाईट. क्रँक, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ते घुसळते, फेस होतो, आणि जादा ऑइल हवेच्या नळीतून इनटेकमधे, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, जाऊन जळतं.

मग गळती. हल्लीच्या गाड्यांना इंजिनखाली प्लास्टिकचं कव्हर असतं, त्यामुळे जमिनीवर थेंब पडत नाही. गळलेलं ऑइल कव्हरवर आणि त्याच्या स्पंजात मुरतं. लादी स्वच्छ आहे म्हणून गळती नाही असं धरू नका, कव्हर उतरवून बघायला सांगा. ड्रेन नटचं वॉशर, फिल्टरची रिंग, टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, क्रँकचं ऑइल सील आणि टर्बोला ऑइल नेणारी नळी, एवढ्या जागा बघितल्या की बहुतेक गळत्या सापडतात. कूलंटची बाटलीही बघून घ्या. त्यात ऑइलचा तवंग असेल तर प्रकरण वेगळं, हेड गॅसकेटचं (इंजिनाचा माथा आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगचं) किंवा ऑइल कूलरचं. मात्र पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलईसारखा थर दिसला तर लगेच हेड गॅसकेट गेलं असं समजू नका. ठाण्यातल्या पावसाळी हवेत छोट्या फेऱ्या असल्या की वाफ झाकणाखाली थंड होते आणि ऑइलमधे मिसळते. कूलंटची पातळी जागेवर असेल आणि लांबच्या फेरीनंतर तो थर गेला, तर काळजी नाही.

पुढे पीसीव्ही व्हॉल्व्ह. रिंगांमधून निसटलेले वायू चेंबरमधे साठतात, ते परत इनटेककडे नेण्याचं काम याचं. नव्या गाड्यांत तो बऱ्याचदा टॅपेट कव्हरमधेच बसवलेला असतो, आत पातळ रबरी पडदा असतो. पडदा फाटला की इंजिन वायूंबरोबर ऑइलची वाफही ओढून घेतं. गाडी न्यूट्रलमधे चालू ठेवून ऑइलचं झाकण जपून सैल करा. हलकी ओढ असणं ठीक. झाकण घट्ट धरून ठेवल्यासारखं निघतच नसेल, शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर पडद्यावर संशय घ्या.

धूर काय सांगतो? निळसर धूर दिसतो कधी, यावरून बरंच कळतं. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना एकदाच भपकारा आला तर व्हॉल्व्हचे सील. कसारा किंवा खंडाळ्याचा घाट गिअरवर उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धूर आला तरी बहुधा तेच, कारण उतारावर सिलिंडरमधली ओढ जोरदार वाढते. सिग्नलला बराच वेळ उभं राहून निघताना आला तर टर्बोकडे बघा. टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या नळीत ऑइलचा पातळ हात लागणं चालतं, साचलेलं ऑइल चालत नाही. जोर दिल्यावर सतत येत असेल तर रिंगा. पण माझ्या गाडीला शेवटपर्यंत कधीच धूर दिसला नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम असताना ऑइलची बरीच वाफ जाळून टाकतो. धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, हा युक्तिवाद तुमच्यासमोर केला जाईल. मान्य करू नका. उलट त्या ऑइलमधल्या फॉस्फरसने कन्व्हर्टर हळूहळू निकामी होतो, हाही तुमचाच तोटा.

रिंगा: कॉम्प्रेशन ठीक असूनही

डिसेंबरमधे सर्व्हिस सेंटरने अधिकृत चाचणी मान्य केली. नवं ऑइल, नवं फिल्टर, पातळी वरच्या खुणेवर, आणि ड्रेन नट, फिल्टर, झाकण, पट्टी या सगळ्यांवर रंगाचा ठिपका, म्हणजे मधे कोणी हात लावला तर कळेल. हजार किलोमीटरांनी मोजलं तर ४६० मिलिलिटर. मर्यादा अर्धा लिटर. चाळीस मिलिलिटरसाठी मला नकार मिळाला. मी हट्टाने पीसीव्हीसह टॅपेट कव्हर बदलून घेतलं, पुन्हा चाचणी: ४१०. थोडा फरक, पण मूळ दुखणं जागेवर.

मग त्यांनी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबाने धरून ठेवतो ते, तपासलं. तिन्ही सिलिंडर उत्तम. "मॅडम, इंजिन एकदम फिट आहे." हा कागद घेऊन मी वागळे इस्टेटला गेले. मिस्त्रींनी टेबलावरचा एक जुना पिस्टन हातात दिला. "ताई, ह्या वरच्या दोन रिंगा कॉम्प्रेशनच्या. ही तिसरी ऑइलची. कॉम्प्रेशनच्या टेस्टमधे हिचा निकाल लागतच नाही."

ही गोष्ट समजून घ्या, कारण बहुतेकांचं प्रकरण इथेच बंद होतं. तिसरी रिंग भिंतीवरचं जादा ऑइल खरवडते आणि पिस्टनमधल्या बारीक भोकांतून खाली चेंबरमधे सोडते. ही रिंग कार्बनने खाचेत अडकली किंवा ती भोकं बुजली, की ऑइल वर राहतं आणि जळतं. वरच्या दोन रिंगा तोवर कॉम्प्रेशन झकास धरून ठेवतात. भिंतीवरचं ऑइल तर त्यांना आणखी घट्ट बसवतं. कॉम्प्रेशन कमी आलं तर इंजिनात बिघाड आहे हे नक्की. कॉम्प्रेशन चांगलं आलं तर ऑइलच्या रिंगबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

त्याऐवजी दोन गोष्टी मागा. स्पार्क प्लग काढून क्रमाने मांडा आणि फोटो काढा: एखाद्या सिलिंडरचा प्लग ओला, काळा किंवा पांढऱ्या राखेच्या पुटाचा असेल तर दोषी सिलिंडर सापडला. आणि प्लगच्याच भोकातून छोटा कॅमेरा आत सोडून पिस्टनचा माथा बघायला सांगा. निरोगी पिस्टनवर काळसर थर एकसारखा असतो. जिथून ऑइल वर येतं तिथे माथ्याची कड धुतल्यासारखी स्वच्छ, चकचकीत दिसते. माझ्या गाडीत दोन सिलिंडरमधे ती तशी दिसली.

एवढ्या नव्या गाडीच्या रिंगा अडकतात कशा? एक कारण रचनेतलं आहे. मायलेज वाढवण्यासाठी आणि २०१७ पासून लागू झालेल्या इंधन-कार्यक्षमतेच्या नियमांत बसण्यासाठी घर्षण कमी करावं लागतं, म्हणून रिंगांचा ताण पूर्वीपेक्षा हलका ठेवतात. हलक्या रिंगेला अडकायला थोडाही कार्बन पुरतो. हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. अमेरिकेत २००७ ते २००९ च्या कॅम्रीत बसलेल्या टोयोटाच्या २.४ लिटर इंजिनाबद्दल अशाच तक्रारी आल्या होत्या, आणि कंपनीने १,२०० मैलांची खप-चाचणी घेऊन, त्यात न उतरणाऱ्या गाड्यांचे पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. कोणी 'असं काही नसतं' म्हणालं तर हे उदाहरण सांगा.

दुसरं कारण आपल्या रस्त्यांचं. गाडीच्या स्क्रीनवर सरासरी वेग बघा. माझा ताशी १५ किलोमीटर होता. त्या वेगाने १०,००० किलोमीटर म्हणजे इंजिन जवळजवळ ६६७ तास चाललं. ताशी ६० च्या हायवेवर तेवढ्याच तासांत ४०,००० किलोमीटर झाले असते. म्हणजे मी 'वेळेवर' सर्व्हिस करत होते तेव्हाही ऑइल चौपट थकलेलं होतं. पुस्तिकेत शेवटी कुठेतरी खडतर वापराचा तक्ता असतो: रांगती वाहतूक, धूळ, छोट्या फेऱ्या. ठाणे आणि नवी मुंबईत रोज ऑफिसला जाणारी गाडी त्यात सरळसरळ बसते. तिथे दिलेलं अंतर पाळा. मला हे कोणी गाडी घेताना सांगितलं असतं तर कदाचित हा सगळा खटाटोप टळला असता.

काय करू नये

घट्ट ऑइल. "२०डब्ल्यू-५० टाका, पिणं बंद" हा सल्ला मला तीन जणांनी दिला. या इंजिनांच्या अरुंद वाटा पातळ ऑइलसाठी बनवलेल्या आहेत. व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. शिवाय वॉरंटीचा दावा तिथेच संपतो. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० या पातळ ग्रेडबरोबर किंचित घट्ट ५डब्ल्यू-३० ला परवानगी असेल तर ते जरूर वापरून बघा. त्याच ग्रेडमधे निवडायचं झालं तर कमी उडणारं ऑइल घ्या. ऑइल कंपनीच्या माहितीपत्रकात 'नोआक' नावाचा आकडा असतो: २५० अंश सेल्सिअसला तासाभरात किती टक्के ऑइल उडालं. डब्यावर छापलेल्या दर्जांपैकी एपीआय एसपी या अमेरिकी दर्जाच्या पातळ ग्रेडना तो १५ टक्क्यांपर्यंत चालतो, एसीईए सी-३ या युरोपीय दर्जाला १३ पर्यंत. याने अडकलेली रिंग सुटणार नाही, पण खप थोडा खाली येतो.

इंजिन फ्लश आणि गळती थांबवणारी औषधं मी वापरली नाहीत आणि वॉरंटीतल्या गाडीत वापरू नका असं आवर्जून सांगेन. सुटलेला गाळ पंपाच्या जाळीवर बसला तर दाबच पडेल. आणि चाचणी चालू असताना औषध घातलं की तुमचे आकडेही वाया गेले.

कागद

जॉब कार्डवर, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना बनतो त्या कागदावर, तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: 'अमुक किलोमीटरला अमुक मिलिलिटर ऑइल कमी झालं'. 'जनरल चेक-अप' लिहिलेल्या कार्डावर सही करू नका. टॉप-अपचं प्रत्येक बिल जपा. मर्यादेचा आकडा आणि नकार दोन्ही ईमेलवर मागा. तोंडी नकाराची नोंद राहत नाही. वॉरंटी संपत आली असेल तर संपायच्या आत तक्रार लेखी गेलेली असणं फार महत्त्वाचं आहे. तरीही दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे आणि ठाण्यात जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला ५० लाखांपर्यंत असलेल्या तक्रारी तिथे चालतात, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. माझ्यावर ती वेळ आली नाही. मी वहीची पानं, फोटो आणि 'खप दर चाचणीत कसा बदलतोय' याचं एका पानाचं पत्र कंपनीच्या ग्राहक विभागाला पाठवलं आणि तिसरी चाचणी मागितली.

जून २०२४ मधे ती झाली. ५८० मिलिलिटर. त्यानंतर वाढीव वॉरंटीतून तिन्ही पिस्टन आणि रिंगा बदलल्या, ऑइल, फिल्टर आणि कूलंटचे पैसे मी भरले. जुने पिस्टन मी बघायला मागितले होते. ऑइल रिंगेच्या खाचेतली भोकं दोन पिस्टनवर पूर्ण बुजलेली होती, नखाने खरवडली तरी कार्बन निघत नव्हता.

काम झाल्यावर पहिल्या हजार किलोमीटरांत गाडीने १५० मिलिलिटर घेतलं आणि माझ्या पोटात गोळा आला. पण नव्या रिंगा बसेपर्यंत एवढं होतंच. मधे सतत एकाच वेगाने चालवू नका, फार जोरही देऊ नका, असं मिस्त्रींनी सांगितलं होतं. पुढच्या हजाराला ६०, त्यानंतर ४०. ऑइल आता दर ५,००० ला बदलते आणि आठवड्यातून एकदा ऐरोलीमार्गे लांबच्या रस्त्याने येते, इंजिन पूर्ण गरम व्हावं म्हणून. वहीतली शेवटची नोंद ४९,५०० किलोमीटरची आहे: पट्टी वरच्या खुणेच्या चार मिलिमीटर खाली, सर्व्हिसला १,४०० किलोमीटर बाकी, वरून काही घातलेलं नाही.